पडद्यावरचं झाड

दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर कारखान्यातल्या म्हाताऱ्या माळ्याचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं पडत होतं.

"ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझी सगळी झाडं हिरवीगार दिसतात बघ."

"फाटकाजवळचं तर वाळलं ना?"

"केव्हाच! पण 'वाळलं' असं बटणच नाही त्यात. 'पाणी घातलं' एवढंच आहे."

"मग साहेबांना सांगा की."

"सांगितलं. म्हणाले, इथं तर जोमात वाढतंय."

"अन् तुम्ही?"

"रोज रिकाम्या आळ्यात पाणी घालतो, मगच बटण दाबतो. खोटं कशाला दाबू?"

"अगंबाई! मग पडद्यावर केवढं झालंय ते?"

"पंधरा फूट. सावलीसुद्धा धरलीय म्हणे."

"मग उद्या दुपारी डबा घेऊन मीच येते."

"बसायचं कुठं?"

"त्याच्याच खाली."