शेवटी पिणारा पाटकरी

एक फळी. सागाची. दीड हात रुंद.

खेकडा तिरका चालतो.

दिवाणसाहेबांना कच्चा कांदा सोसत नसे.

सात हात तांबडं कापड.

कांद्याचं फूल पांढरं असतं — इथं किती जणांनी बघितलंय? हात वर! एक... दोन... आणि त्या आजी. बास? कांदा तर रोज खाता!

मंडळी, जुळतंय का काही? नाही ना? मलाही सकाळपासून जुळत नाहीये. मृदंगवाले महाराज मघाशी कानात म्हणाले, "बुवा, रात्री झोप झाली ना नीट?" झाली हो! ही सगळी एकाच गोष्टीची हाडं आहेत. नीट सांधता आली तर गोष्ट उठून चालायला लागेल. नाही आली तर कालाच वाटू या, दही तयारच आहे.

पण आधी प्रश्न. ज्याच्या हाती पाणी, त्याने पाणी कधी प्यावं? आधी? की शेवटी?

मागच्यांना ऐकू येतंय का?

...उत्तर नाही. म्हणजे येतंय तरी, किंवा नाही तरी. असो. ऐका.

हिंगणबर्डी नावाचं गाव होतं. कुठल्या तालुक्यात? ते नको, तिथले लोक भांडायला येतील! गोष्ट संस्थानी काळची आहे, त्यामुळे पुढच्या गादीवर बसलेल्यांनी उगाच अवघडून बसू नये. गावाच्या वरच्या अंगाला दगडी बंधारा. बंधाऱ्यातून निघालेला पाट — मातीचा, कोसभर लांब. पाटाच्या सुरुवातीला ज्यांची शेतं, ती तोंडाची. शेवटी ज्यांची, ती शेपटाची. तोंडाला पाणी आपोआप. शेपटाला पाणी देवाच्या आणि पाटकऱ्याच्या कृपेने.

पाटकरी म्हणजे पाटाची फळी उचलणारा आणि टाकणारा. आज कुणाचं रान भिजेल, उद्या कुणाचं, ते त्याच्या हातात. आता असा माणूस तुम्ही निवडाल तर काय बघून निवडाल? शिकलाय का? बोलतो का छान? फोटो बरा येतो का?

हिंगणबर्डीचे लोक एकच बघायचे. त्याचं शेत सगळ्यात शेवटी आहे का? झालं! शेवटचं शेत ज्याचं, तो पाटकरी. अहो, त्याच्या रानात पाणी पोचायचं तर वाटेतल्या सगळ्यांच्या रानात ते आधी पोचायलाच हवं! त्याच्या स्वार्थात गावाचा परमार्थ. तो साधुसंत असायची गरज नाही. हावरा असला तर आणखी चांगलं! पाटावर कपडे धुणाऱ्या बायका म्हणायच्या —

*पाणी जयाच्या हाती । त्याने प्यावे अंती ।*
*मग कोणी न राहती । तहानेले ॥*

तर त्या गावचा पाटकरी निंबा. उंच, वाळका, बोलायला मंद. त्याच्या लगत, शेवटून दुसरं शेत गोजराबाईचं. नवरा वारलेला, मूल नाही. पण हाताला असा गुण, की साऱ्या गावाचं कांद्याचं बी तिच्या रानात धरायचं. चांगले कांदे निवडून जमिनीत पुरले की त्यांना उंच दांडा येतो आणि दांड्यावर पांढरं गोल फूल. त्यात बी. माघात तिचं रान फुललं की तोंडाकडच्या बाया बघायला यायच्या. गोजराबाईच्या रानाला पाणी चुकलं, तर पुढच्या साली गावात कांदा नाही. एवढं लक्षात ठेवा. बाकी विसरलात तरी चालेल.

आणि मंडळी, एका साली पाणी कमी पडलं. दोघा भावांत फळीवरून हाणामारी झाली. एकाचं डोकं फुटलं. तीन टाके! तीनच. पण गाव घाबरलं. चावडीवर बसलं. कुणीतरी म्हणालं, "सरकारातून एक शिपाई मागवू या. नुसता उभा राहील. दांडकं घेऊन."

निंबा म्हणाला, "कशाला? दोघं चुलत बहिणीच्या लग्नात परत एका ताटात जेवतील."

"तू गप रे! तुला काय, तुझं डोकं शाबूत आहे."

अर्ज गेला. आणि सरकार उदार! मागितला एक, आला एक. बाजी शिपाई. बरं पोर होतं.

आता शिपाई कधी एकटा येतो का हो? त्याला उन्हात उभं करणार? चौकी हवी. चौकी बांधली, बंधाऱ्याच्या तोंडाशी. चौकी आली म्हणजे तिच्यावर नजर ठेवायला कारकून हवा. कारकून आला म्हणजे त्याला लिहायला काहीतरी हवं! मग कुणी किती वाजता पाटावर आलं, हे तो लिहू लागला. गावाला आधी मजा वाटली. आपलं नाव लिहिलं जातंय! बाया मुद्दाम दोन खेपा करायच्या.

मग एक दिवस खुद्द दिवाणसाहेब आले. छत्रीसकट. वाईट माणूस नव्हता हं! तुम्हाला वाटत असेल, बुवा आता मिशा पिळणारा दुष्ट आणणार. नाही. गोरा, हसरा, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवणारा. त्याने विचारलं, "पाटकरी कोण?"

निंबा पुढे झाला. गुडघाभर चिखल.

"तुझं शेत कुठंय?"

"शेवटाला, साहेब."

"म्हणजे पाणी वाटणारा तू, आणि तूच शेवटी पितोस?" दिवाणसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! खरं पाणी. "आमच्या माणसाची ही दशा? छे! आजपासून तू सरकारी पाटकरी. हे घे पागोटं. आणि शेपटाचं रान सरकारात जमा कर, बदल्यात तोंडाचं घे. आधी तू पी, मग बाकीचे."

सात हात तांबडं कापड. निंबाच्या डोक्याला कधी एवढं कापड लागलं नव्हतं. तो गोंधळला. घरी आला. बायको मैना म्हणाली, "अहो, घ्या की! जन्मभर बेडकांच्या मागून पाणी पिलात."

गोजराबाईला विचारलं. तीही म्हणाली, "घ्या निंबाभाऊ. कुणाचं तरी भलं होऊ दे. आणि फळी तुमच्याच हातात राहणार ना?"

"माझ्याच."

"मग काय बिघडलं?"

सांगा मंडळी, काय बिघडलं? माणूस तोच, हात तोच, फळी तीच. निंबाने अंगठा उठवला.

— पेटीवाले बुवा, जरा सूर धरा. घसा कोरडा पडला. बघा, पाण्याचा तांब्या माझ्याच जवळ ठेवलाय! —

तर मंडळी, पौष सरला. निंबा रोज सकाळी फळी उचलायचा, ठरल्या वेळी टाकायचा. एका घटकेचा फरक नाही. देवाची शपथ, त्याने कुणाचं पाणी मारलं नाही. आणि एक दिवस गोजराबाई चौकीवर आली. पदर खोचलेला, पाय धुळीने पांढरे.

"निंबाभाऊ, पाणी सोडत नाही का आम्हाला?"

"सोडतो की वहिनी! काल सोडलं, परवा सोडलं."

"आलं नाही."

"असं कसं? मी स्वतः सोडलं."

"तुम्ही सोडलंत. मला आलं नाही. दांडे माना टाकायला लागलेत, भाऊ."

निंबाला काही कळेना. इथून पाणी निघतं, हे तो डोळ्यांनी बघतो. तिथं पोचत नाही, हे ती डोळ्यांनी बघते. दोघंही खरं बोलतात! मग मधे खोटं कोण बोलतंय? पाट?

तो कारकुनाकडे गेला. कारकुनाने वही चाळली. "पाणी सोडल्याची नोंद आहे."

"पण पोचलं नाही."

"पोचल्याचा रकाना नाही आपल्याकडे."

वर कळवलं. वरून दया आली! पाणी पोचत नाही म्हणजे देखरेख कमी पडते, असं ठरलं. आणखी दोन शिपाई आले. एक 'शेपट निरीक्षक' नेमला, पण तो बसायचा तोंडाशी, कारण चौकी तिथं होती. आणि हुकूम निघाला : पाटाच्या बांधावरून लोक चालतात, त्याने बांध खचतो, पाणी मुरतं. तेव्हा चिठ्ठीशिवाय बांधावर पाऊल ठेवायचं नाही. चिठ्ठी देणार कोण? सरकारी पाटकरी!

हसू नका. तुमच्याकडे वेगळं काय चालतं?

निंबा चिठ्ठ्या देऊ लागला. लोक त्याला "निंबाजीराव" म्हणू लागले. पूर्वी "ए निंब्या" म्हणायचे. त्याला "निंब्या" बरं वाटायचं की "निंबाजीराव"? तेही त्याला कळेना. झोपताना पागोटं काढून ठेवलं, की आपण कुणाचे, गावाचे की चौकीचे, हे तो त्या पागोट्याकडे बघत विचारायचा. पागोटं काय बोलणार!

आठ दिवसांनी मैनेने भाकरी वाढली. नुसती. शेजारी कांदा नाही.

"कांदा?"

"गोजराबाई म्हणते, जपून खा. पुढच्या साली नाही."

निंबा भाकरी न खाता उठला. पहाट फुटत होती. चौकीवर बाजी शिपाई मिशरी लावत होता. निंबाने बांधावर पाय ठेवला.

"पाटकरीबुवा, चिठ्ठी?"

"अरे, चिठ्ठी मीच देतो ना?"

"तुम्हीच देता. पण स्वतःला देता येत नाही, तसा कागद आहे." बाजी ओशाळला. "मला विचाराल तर... मी आता तोंड धुवायला वळतोय. माझी पाठ असेल तिकडं."

बघा मंडळी! सरकारलाही पाठ असते. देवाची कृपा आहे.

निंबा चालू लागला. आणि दहा-वीस पावलांवर त्याच्या लक्षात आलं, की आपण या बांधावरून चार महिने चाललोच नाही! शेपटाला शेत होतं तेव्हा तो रोज कोसभर जायचा आणि कोसभर यायचा. स्वतःच्या रानासाठी. जाता जाता पायाने गवत उपटायचा, मऊ लागलं तिथं टाच दाबायचा. ते काम आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही माहीत नव्हतं. ते कुठल्याच कागदावर नव्हतं, म्हणून सरकारात जमाही झालं नाही. ते नुसतं... थांबलं.

अर्ध्या कोसावर माळ लागला. तिथं केळीची बाग. हिरवीगार! एवढी केळी इथं कधी होती? बाग होती दिवाणसाहेबांच्या मेव्हण्याची. आणि बांधाला भगदाड. घागर आत बसेल एवढं. त्यातून पाणी खळाळत बागेत.

निंबा खाली बसला. बघितलं. खेकड्याचं बीळ म्हणावं, तर कडा सरळ, कुदळीने तासल्यासारख्या. कुदळीचं म्हणावं, तर आत खेकडा बसलेला! डोळे बाहेर काढून निंबाकडे बघतोय.

"तू केलंस का रे?" निंबाने विचारलं.

खेकडा तिरका सरकला. कुठल्याही कचेरीत मिळतं, तसंच उत्तर.

दिवाणसाहेबांना ठाऊक होतं का? कोण जाणे! पुढे त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाग? आमच्या मेव्हण्याची? असेल बुवा." आणि ते खरंही असेल. कच्चा कांदा त्यांना सोसत नसे, मग तो ताटातून गेला तरी कळणार कसं? ज्याला तहान लागत नाही, त्याला पाणी कुठून येतं हे माहीत असावं लागत नाही.

भगदाड बुजवायला माती टाकली, वाहून गेली. गवत टाकलं, गेलं. दगड घालावा, तर मऊ मातीत टिकेना. निंबाने इकडेतिकडे बघितलं. काही नाही. मग डोक्याला हात लावला.

सात हात तांबडं कापड! उलगडलं, त्यात माती भरली, गाठ मारली आणि दिलं भगदाडात दाबून. वर टाच. वर पुन्हा माती. पुन्हा टाच.

पाणी थबकलं. वळलं. आणि शेपटाकडे निघालं.

निंबा त्याच्या बरोबर चालला. पाण्याच्या वेगाने, पुढे नाही, मागे नाही. गोजराबाई बांधावर उभी होती. अर्धे दांडे वाळले होते. अर्धे उभे होते. पाणी पहिल्या सरीत शिरलं तसं तिने बघितलं, मग निंबाच्या उघड्या डोक्याकडे बघितलं.

"पागोटं कुठाय?"

"कामाला लावलंय."

खटला झाला! कशाचा? बांध फोडल्याचा? छे. सरकारी पागोट्याची नासाडी! तोंडाचं शेत काढून घेतलं. शेपटाचं आधीच सरकारात जमा. निंबाला आता ना तोंड, ना शेपूट.

पाडव्याला गाव जमलं. सागाची फळी निंबाने घरी आणून ठेवली होती. ती त्याने उचलली आणि गोजराबाईपुढे ठेवली.

"हे काय भाऊ?"

"रीत. माझं रान गेलं. आता शेवटचं शेत तुमचं."

"मी बाईमाणूस. कुणी ऐकेल का माझं?"

"ऐकलं नाही तर पाणी तुम्हाला पोचणार नाही. म्हणून तुम्ही ऐकवालच!"

गाव हसलं. गोजराबाईने फळी उचलली. जड होती. निंबा तिच्या हाताखाली बांधावरून चालायचं काम करू लागला, चिठ्ठीशिवाय. बाजीला मात्र रोज त्याच वेळी तोंड धुवायला वळावं लागे. आणि चौकी? चौकी राहिली की! तीन शिपाई, एक कारकून, एक निरीक्षक. कागदावर पाटकऱ्याची जागा रिकामी आणि पाणी चालू. आपण बोलावलेला पाहुणा जातो कसा, हे हिंगणबर्डीला आजपर्यंत कळलेलं नाही. मलाही कळलेलं नाही. गोष्ट सांगतो म्हणून मला सगळं कळतं, असं समजू नका.

मला एवढंच दिसतं, की आपण दर वेळी तीन टाक्यांना घाबरतो आणि अर्ज करतो. आपल्यातला एखादा वर गेला, की म्हणतो, "जाऊ दे, भलं होऊ दे त्याचं." आणि तो शेपटाकडून तोंडाकडे राहायला गेला, हे सोडून बाकी सगळं बघतो. त्याचं पागोटं बघतो! त्याचे पाय शेवटचे कधी मळले, हे विचारतो का?

आता तुमच्याकडेच बघा. पुढं गादी, लोड, पंखा. मी तीनदा विचारणार होतो, मागच्यांना ऐकू येतंय का? एकदाच विचारलं. उत्तर आलं नाही, आणि मी गोष्ट पुढे नेली! का? कारण पुढचे हसत होते. मागचा भोंगा बंद आहे, हे त्या आजी केव्हाच्या हाताने खुणावतायत. मला दिसत होतं. मीही तोंडाचाच माणूस, मंडळी.

तर आज काला मागून वाटायचा. शेवटच्या रांगेपासून. आणि वाटणार गादीवरचे. उठा अध्यक्ष, हंडी घ्या. माझ्या वाट्याचं सगळ्यात शेवटी. उरलं तर.

*पाणी जयाच्या हाती । त्याने प्यावे अंती ॥*

ज्या सकाळी निंबाने अंगठा उठवला, त्या सकाळी बांधातलं ते बीळ दोन बोटांचं होतं.