बाळंतीण केसर

आणि वर हसताय! हसा... पाठीवर एक कार्टं, खांद्यावर दुसरं, असा मी भर बंदरावर मासळीच्या पाट्यांमधून हिंडतोय तर तुम्ही हसणारच, पण तुम्हाला सांगतो, ही पाळी माझ्यावर बायकोनं आणली न्हाय, सासूनं न्हाय, एका माकडानं आणली! ज्याला हातानं भरवलं त्यानंच केसानं गळा कापला हो माझा!

आता म्हणाल, हिरामणच्या घरी माकड कुठलं? घरी न्हाय, दत्तात्रेय डॉक्टरांच्या बागेत. गोवा मोकळा झाला त्या साली ते मुंबईहून पिंजरे घेऊन श्रीवर्धनला आले, आत ब्राझीलची माकडं, मार्मोसेट म्हणतात, मुठीएवढा जीव आणि कानावर पांढरे झुपके, आपल्या जुन्या खोतासारखे. औषधांच्या अभ्यासासाठी पाळलेली, पण मुंबईत अंधाऱ्या खोलीत त्यांची हाडं वाकली, पोरं जगेनात, म्हणून इथं उन्हाला आणली. मी होडी भावाकडे दिली आणि राखणीला लागलो. सकाळी पिंजरे उन्हात, मुशी माशाच्या कलेजीचं तेल चमच्यानं, केळं, नाकतोडे... आणि नाकतोडे पकडायचे कोणी? मी! सगळा गाव बघतोय आणि मी गवतात उड्या मारतोय.

त्यातली एक व्याली. जुळी! आणि त्याच आठवड्यात माझी कमळ बाळंत झाली, तीही जुळीच. आता पोरं जिच्या पाठीला चिकटलेली ती बाळंतीण, एवढं कुणालाही कळतं की न्हाय? तिचं नाव मी ठेवलं केसर. नवऱ्याचं नाव सदा. हा सदा म्हणजे काय सांगू... फांदीवर आडवा, पाय लोंबतायत, केळं चाललंय! कधीतरी घटकाभर पोरं छातीशी घ्यायचा, की लगेच परत केसरच्या अंगावर. मी म्हटलं वा, बाप असावा तर असा, लाड करावेत आणि मोकळं व्हावं.

घरी कमळ कुरकुरायची, दोघं एकदम रडतात, एकाला तरी घ्या. मी घेतोय? मी म्हणायचो, त्या केसरकडे बघ, मुकी बिचारी, दोघांना पाठीवर घेऊन हिंडते, नवऱ्याला एक शब्द बोलत न्हाय. की कमळ दोघांना उचलायची! पण मनाची मोठी हो माझी बायको, तिच्या आईनं तिच्यासाठी वळलेल्या डिंकाच्या लाडवातला अर्धा रोज फडक्यात बांधून द्यायची, म्हणायची, "तिलाबी कंबर असंल ना." आणि केसर तो डिंक असा चाटायची, असा चाटायची, की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. बायकोच्या तोंडचा घास दिला मी... आणि केसानं गळा कापला!

बाळंतपण उरकलं तशी कमळ जुळी घेऊन, खण-नारळ घेऊन तिला भेटायला आली. पिंजऱ्यापुढे उभी राहून म्हणते, "बाय गं, तू कशी करतेस?" नेमके डॉक्टर मागं. अहो, शिकलेल्या माणसानं जरा दुसरीकडे बघावं, एका गरिबाचा संसार हाय... न्हाय! चष्मा पुसत म्हणाले, "अहो, हा तर बाप आहे. ह्यांच्यात पोरं बापच वागवतो. आई ती, फांदीवरची. ती फक्त पाजायला घेते."

कमळ ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं खण-नारळ त्या फांदीवरच्या बाईपुढे ठेवला, एक पोर माझ्या पाठीवर बांधलं, दुसरं खांद्यावर दिलं आणि म्हणाली, "मुका बिचारा. बायकोला एक शब्द बोलत न्हाय." आणि गेली की घरी!

मी केसरला विचारलं, मेल्या, पुरुषाची जात ना रे तुझी? माझ्या घरचा डिंक खाल्लास, मग एकदा तरी ती पोरं खाली टाकून बसायचं होतंस! त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या पाठीकडे बघितलं, स्वतःची दोन सावरली... आणि फांदीवर जरा सरकून बसला. जागा दिली मला!

तेव्हापासून हे असं चाललंय. पोरं आता रांगायला लागलीत, म्हटलं सुटलो. तर काल डॉक्टर म्हणाले, माकडीण पुन्हा गाभण, पुन्हा जुळीच व्हायची. म्हटलं होऊ दे, आपल्याला काय... घरी आलो तर कमळ चिंच चोखत बसलेली, आणि सासू डिंक निवडतेय.

मी गुमान पाठ वाकवली.