तवा आभाळ कुठं आलं होतं?

मंडळी, इतके जण आलात. जागा पुरली नाही, कित्येक जण उभ्यानं ऐकताय. मिलिंदच्या पत्नी, सुनंदावहिनी, समोर बसल्यात. त्यांच्यादेखत मिलिंदबद्दल ‘होता’ म्हणायला जीभ वळत नाही. पण बोलायला हवं. गोड बोलणं मला जमणार नाही, आधीच सांगतो.

मी आणि मिलिंद, आम्ही दोघांनी मिळून फोटो स्टुडिओ चालवला. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात हर्सूलच्या पलीकडं, नव्या वसाहतीत, टँकरपाशी पाण्याला आलेल्या सुमनबाईंचा त्यानं फोटो काढला. मागं अर्धवट इमारती, वर निळंशार आकाश, कमरेवर गुलाबी प्लास्टिकची घागर. लोक म्हणायचे, "काय सुंदर रंग आलेत." मिलिंद चिडायचा. "बाईला पाणी नाही, आणि ह्यांना रंग दिसतात."

मग फोटो काळापांढरा करायला तो कॉम्प्युटरवर बसला. नुसता रंग काढला, तर सगळं एकसारखं राखाडी झालं. म्हणून त्यानं लाल, हिरवा, निळा असा एकेक रंग वेगवेगळा कमीजास्त करून पाहिला. निळा वाढवला. आकाश पांढरंफट्ट पडलं. माती काळवंडली. सुमनबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वर आली. मला म्हणाला, "वसंता, असंच होतं रे तिथलं ऊन."

पुढं एका बांधकाम कंपनीनं वाढत्या शहरावर कॅलेंडर काढलं. त्यांना हाच फोटो हवा होता, पण चेहरा उजळ करून. मिलिंद नाही म्हणाला. पण मूळ रंगीत फोटो त्यांना निवडीसाठी आधीच दिलेला होता. त्यांनी तो आपला आपणच काळापांढरा केला, पण लाल वाढवला, निळा उतरवला. बाई गोरी झाली. आकाश काळंभोर झालं. वाटावं, आता पाऊस कोसळतोय. आणि खाली नाव मिलिंदचं.

ते कॅलेंडर घेऊन तो स्वतः सुमनबाईंकडं गेला. मी सोबत होतो. बाईंनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "भाऊ, तवा आभाळ कुठं आलं होतं? आन् ही मी नाय."

 मिलिंदनं आपण केलेला काळापांढरा फोटो पुढं केला.

"व्हय. ही मी."

तो परत आला आणि चारचौघांत सांगत सुटला, की कॅलेंडरातला फोटो खोटा आहे, माझं नाव काढा. कंपनीवाले म्हणाले, "त्यात एवढं काय?" नाव काढलं नाही. मिलिंदची कामं मात्र बंद झाली. आज इथं त्याला थोर कलावंत म्हटलं गेलं. म्हणणाऱ्यांपैकी कुणी तेव्हा त्याला काम दिलं? कुणी फोन उचलला? शेवटपर्यंत तो बारशांचे फोटो काढत राहिला. परवा छातीत कळ आली आणि गेला.

हाराखालचा हा फोटो आयोजकांनी करून आणलाय. वहिनींनी दिलेला रंगीत होता. ह्यांनी तो काळापांढरा केला, आणि चेहरा उजळला. आजच्या दिवशीसुद्धा राहवलं नाही.

मिलिंद सावळा होता, मंडळी. उन्हात रापलेला, काळासावळा.

आता आपण उभे राहू. फोटोकडं बघू नका. डोळे मिटा, गप्प राहा, आणि तो होता तसा आठवा.