भिंतीवरचं दगडफूल

दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता.

"भिंत घासायला कोणी सांगितली होती तुम्हाला?"

"अगं, तुझे सर एवढ्या लांबून येणार. म्हटलं, घर जरा बरं दिसावं."

"सर ती भिंतच बघायला येतायत! तिच्यावरचं दगडफूल!"

"मला ते डाग वाटले."

"डाग? लग्न झाल्यापासून दरवर्षी पट्टी लावून मोजतेय मी. डाग मोजत होते?"

"मला वाटायचं, ओल किती चढली ते बघतेस."

"आणि एकदाही विचारलं नाहीत! वर्षाला केसभर वाढतं ते. बुरशी घर देते, शेवाळ जेवू घालतं. दोघं मिळून संसार करतात. त्यांना जमतो, बरं का!"

"मी मात्र अगदी मन लावून घासलं गं. तारेच्या ब्रशने. हात सोलवटला बघ."

"एरवी कधी साधा कप विसळला नाहीत!"

तेवढ्यात नर्स आली. "चला काका, आधी हात साबणाने स्वच्छ धुऊ या."

"खबरदार! सिस्टर, यांच्या नखांना पाणी लावायचं नाही. उरलंसुरलं सगळं तिथंच आहे."