आमचे हात

थेरगावातल्या झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. काउंटरवरचं छोटं मशीन लाल कागदातून अक्षरं कापत होतं.

"बोट आत गेलं तर थांबतं का हे?" वडिलांनी दुकानदाराला विचारलं.

"काका, ब्लेड बारीक आहे. कागदापुरतंच."

"आमच्या कंपनीत पत्रा कापायच्या प्रेसला सेन्सर होता. माल अर्जंट असला की तो बंद ठेवायचे."

"पप्पा, अक्षरं बघा ना. 'आमचे हात'. स्क्रॅपबुकमध्ये हे वर चिकटवायचं आणि खाली घरातल्या सगळ्यांच्या उजव्या हाताचे ठसे."

"माझा डावा घे."

"सगळ्यांचे उजवेच घेतलेत."

"उजव्याला दोनच बोटं आहेत, दिव्या."

"माहितीये."

"पानावर जागा उरेल."

"उरू दे."