बेली डान्सच्या दारात मी हसलो

...अहो, हसायला नको होतं, हे मला कळत नाही का? कळतं! पण कधी कळतं? हसून झाल्यावर! तीस वर्षं धक्क्यावरच्या खिडकीत बसून लाँचची तिकिटं फाडली मी. माणसं 'एक फुल, एक हाफ' म्हणायची आणि हाफ म्हणून मिशा फुटलेला घोडा पुढे करायची, तरी कधी हसलो नाही. आणि हसलो कुणाला? तर स्वतःच्या बायकोला!

झालं काय, तुम्हाला सांगतो. आमची ही घरी शिवणकाम करते. जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या. लेक लग्न होऊन गेली, मी रिटायर झालो, आणि एक दिवस ही तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली, "मी बेली डान्सला जाणार आहे." म्हटलं, "जा की. किती वाजता संपतो?" तर म्हणते, "बघायला नाही हो. शिकायला!"

वय वर्षं साठ! गुडघ्यांना तेल लावताना ओरडणारी बाई! पण मी अडवलं नाही बरं का. उलट सोडायला गेलो. क्लास कुठे, तर बंदरावर, जाळ्यांच्या गोदामाच्या वर. जिना असा उभा की चढतानाच निम्मा व्यायाम व्हावा. वर एक लांबडी खोली, खाऱ्या हवेनं आरशाचा पारा मधोमध उडालेला... म्हणजे आरशात बघावं तर सगळ्या बायकांना डोकी आहेत, पाय आहेत, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते पोटच गायब!

मी बाहेर बाकावर बसायचो. महिनाभर गुमान बसलो. एका मंगळवारी वाऱ्यानं दार उघडलं आणि मी बघितलं. हिनं कमरेला चकत्यांचा पट्टा बांधलेला, डोळे मिटलेले, हात हवेत, आणि कंबर अशी फिरत होती... अशी... जाऊ दे, मला नाही सांगता येत. अडतीस वर्षं संसार केला, पण हिला डोळे मिटून नुसती आनंदात असलेली मी कधी पाहिलीच नव्हती हो! आणि मला हसू फुटलं. चांगलं मोठ्यानं. आता ते हसू आनंदाचं होतं की घाबरल्याचं, हे मलाच माहीत नाही, तर तिला कसं कळणार? तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. पट्टा सोडला, घडी करून खिडकीत ठेवला आणि जिना उतरायला लागली.

हसायला नको होतं हो!

बरं, भांडेल तर शपथ! भांडली असती तर माफी तरी मागता आली असती. मी म्हटलं, "अगं, मी तुला नाही हसलो." तर म्हणाली, "मग कुणाला?" पुढच्या मंगळवारी चार वाजले, ही मशीनवर. शुक्रवारी चार वाजले, ही मशीनवर. नुसती खडखड खडखड.

शेवटी मीच गेलो क्लासच्या मॅडमकडे. म्हटलं, चूक माझी, तुम्ही तिला समजावा. मॅडम म्हणाल्या, "काका, किनाऱ्यावरचा कार्यक्रम दोन महिन्यांवर आलाय. माझ्या रांगेत तिसरी जागा रिकामी झालीय. तुम्हीच भरा!" ती बाई चेष्टा करत होती, आता कळतंय. तेव्हा मला वाटलं, ही शिक्षा आहे. आणि शिक्षा भोगली की ही येईल परत. लागलो उभा राहायला!

अकरा बायका आणि मी. "काका, पोट सोडा! आत काय ओढताय?" अहो, जन्मभर आत ओढलंय ते, असं कसं सोडू? खालून गोदामाशेजारचा न्हावी ओरडतोय, "साहेब, लाँच फार हलतेय आज!" मी ऐकून घेतलं. जे पेरलं ते... असो.

एक दिवस स्वयंपाकघरात हिला म्हटलं, "बघ, जमतंय का?" आणि केलं. ही हसली नाही. गळ्यातली टेप काढली, माझ्या कमरेला गुंडाळली, दोन्ही टोकं धरली आणि म्हणाली, "खांदे हलवू नका. इथून फिरवा. इथून." आणि एकदा करून दाखवलं. एकदाच. काय सांगू तुम्हाला! मॅडमनं शिकावं हिच्याकडून! मला वाटलं, झालं, जमलं, आली ही परत.

कार्यक्रमाचे बारा घागरे हिनंच शिवले. माझ्या घेराला कापड कमी पडलं, तर मागून जोड दिला, दिसणार नाही असा. किनाऱ्यावर सगळं गाव जमलं. मी तिसऱ्या जागी. गाव हसलं, अगदी पोट धरधरून. फक्त ही मंचाच्या बाजूला सुई-दोरा घेऊन उभी होती, ओठांनी ताल मोजत.

खाली उतरलो, धापा टाकत म्हटलं, "झालं ना आता? मंगळवारपासून येशील ना?"

माझ्या घागऱ्याची उसवलेली शिवण बघत ती म्हणाली, "नाही हो. तेव्हा जावंसं वाटत होतं, तेव्हा गेले. आता नाही वाटत." रागानं नाही. शपथेवर सांगतो, जरासुद्धा राग नव्हता. तेच तर...

हसायला नको होतं.

आता? आता मी सुटलो असतो, पण मॅडम सोडत नाहीत, म्हणतात काकांमुळे गर्दी होते. मंगळवार, शुक्रवार, चारला हजर! आणि परवा तर समोरच्या वहिनी हिचे हात हातात घेऊन म्हणाल्या, "धन्य आहे हो तुमची! या वयात नवऱ्याचे असले शौक पुरवणारी बायको मिळायला नशीब लागतं!" आणि ही काय म्हणाली असेल?

म्हणाली, "जाऊ दे हो, त्यांना पहिल्यापासूनच आवड!"