'ढकला' लिहिलेलं दार

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशीही ती दाराशी अडली होती. पाडलेल्या दवाखान्याचं ते काचेचं दार बाबांनी जुन्या सामानातून बांधलेल्या नव्या घराला उलटं बसवलं होतं. 'ढकला' लिहिलेलं, पण उघडायचं ओढून.

"ढकलतेस काय? पाहुणी आहेस का?" बाबा आतून हसले होते.

"घर आहे की भंगाराचं दुकान?" ती म्हणाली होती. तेच त्यांचं शेवटचं बोलणं ठरलं.

आज ते दार हातगाडीवर घालून ती जुन्या सामानाच्या गोदामात रांगेत उभी होती. पुढे एक जोडपं घरासाठी सामान निवडत होतं.

"ही बोटीची खिडकी न्हाणीघराला लावू," नवरा म्हणाला.

"म्हणजे अंघोळ करताना मला बुडाल्यासारखं वाटायला."

"आणि शाळेच्या बाकांचा जिना."

"त्यावर काय कोरलंय, वाचलंत? 'बाई गाढव आहेत.'"

"कोण वाचतंय?"

"तुमच्या आई. जन्मभर शाळेत बाईच होत्या त्या."

"तिला चष्म्याशिवाय दिसत नाही."

"एवढं बरोबर दिसेल."

मग त्याची बायको मागे वळली.

"ताई, हे दार विकताय?"

"हो. पण उलटं बसवलेलं होतं. ओढावं लागायचं."

"अगंबाई. मग लोक काय करायचे?"

"पाहुणे ढकलायचे. घरचे ओढायचे."

"अहो, ऐकलंत? आपल्याला हेच हवं. तुमची मावशी बाहेरच राहील."

"पुढे या ताई," गोदामवाला म्हणाला. "दार उतरवू?"

"नको. घरी न्यायचंय."

तिने हातगाडी वळवली आणि काचेवरची धूळ पदराने पुसली.

"बाबा, घर फार छान झालंय," ती मोठ्याने म्हणाली.